ओल्या फरशीवरची तपासणी

बारामतीत मिस्त्री पुष्कळ होते. कुणी सुतारकामाचा, कुणी गवंडीकामाचा, कुणी मोटारी खोलून पुन्हा जोडणारा. पण स्टेशनकडच्या वस्तीत नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की माणसं एकाच घराकडं बोट दाखवायची, आणि ते घर छबूबाईचं होतं. तिचा नवरा सोनबा विजेचा मिस्त्री. बाजारात कासारीण तिला हाक मारायची ती 'मिस्त्रीणबाई' म्हणून. छबूबाई वरवर म्हणायची, "असं काय गं बाई," पण बांगड्या भरून घेताना हात जरा जास्तच पुढं करायची.

सोनबा मूळचा इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. विशीत मुंबईला गेला, कापडाच्या गिरणीत वीजखात्यात शिडी धरायला लागला, आणि शिडी धरता धरता वर काय चाललंय ते शिकला. पुढं इंदापूरकडच्या मानसिंगरावांनी बारामतीला स्टेशनजवळ शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी काढली. इंजिन आणलं, डायनामो आणला, आणि आपल्याच तालुक्यातला माणूस म्हणून सोनबाला मुंबईहून बोलावून घेतलं. गिरणीतली एकूण एक तार सोनबानं स्वतःच्या हातानं ओढली. सागवानी पट्ट्यांच्या आतून अशा सरळ नेल्या की भिंतीवर सुतारानं दोरी मारून रेघ काढावी. ज्या दिवशी दिवे लागले, त्या दिवशी आसपासच्या गावांतून गाड्या जुंपून लोक आले होते. छबूबाई तेव्हा कळंबहून नुकतीच लग्न होऊन आलेली. गर्दीत मागं उभी होती. दिवे लागले तसा गिरणीतून ओरडा झाला, आणि तिच्या शेजारची म्हातारी तिला ओळखत नसताना तिच्याच खांद्याला धरून म्हणाली, "कुना माऊलीचा ल्योक म्हनायचा ह्यो!" छबूबाईला वाटलं, सांगावं, माझा नवरा हाय. पण सांगितलं नाही. ते सुख तिनं तसंच पदराआड धरून घरी नेलं.

त्याला आता बारा वर्षं झाली होती. कळंबच्या शेजारी साखरेचा मोठा कारखाना उभा राहिला होता, तिथं विजेचा नुसता लखलखाट होता. तरी माहेरी गेली की छबूबाई म्हणायची, "तुमच्याकडं आत्ता आली. आमच्याकडं कवाच हुती."

छबूबाई त्याच गिरणीत कामाला होती. शेंगा फोडायच्या शेडमध्ये बायाच कामाला असत. एक मोठं लोखंडी यंत्र, त्याला विजेची मोटार. वरून शेंगा ओतायच्या, खालून दाणे आणि फोलपटं वेगळी व्हायची, मग बायांनी दाणे निवडायचे. शेंग कोरडी असली की यंत्रात दाण्याची डाळ होते, म्हणून फोडण्याआधी शेंगांवर पाणी मारावं लागे. त्यामुळं शेडची फरशी बाराही महिने ओली. पाय ओले, हात ओले, लुगड्याचा काठही ओला.

आणि गेली दोन-एक वर्षं ते यंत्र चावत होतं.

चावतं हा शब्द बायांचाच. ओल्या हातानं लोखंडाला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या चढायच्या. कधी नुसतंच गुदगुल्यासारखं, तर कधी हात झटकून मागं घ्यावा लागे. बायांनी त्यावर आपला इलाज काढला होता. यंत्रापुढं लाकडी फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर गोणपाट. नवी बाई कामाला आली की धोंडाबाई, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तोंडाळ, तिला पहिल्याच दिवशी बजावायची, "हात पुसून शिवायचं. देवाला शिवावं तसं." आणि सगळ्या हसायच्या.

तक्रार कुणी केली नाही. मिस्त्रीचं काम, आणि मिस्त्रीची बायको शेजारी बसलेली. कोण कशाला बोलेल? छबूबाईनं एकदा घरी विषय काढला होता. सोनबा म्हणाला होता, "वल्यात थोड्या मुंग्या येत्यातच. मुंबईला बी यायच्या." तिनं पुन्हा विचारलं नाही. मुंबईला यायच्या म्हणजे हितंही यायच्याच.

त्या साली दिवाळी झाली, भुईमुगाच्या गाड्या येऊ लागल्या, आणि मानसिंगरावांना कळलं की वीज तपासायला सरकारी इन्स्पेक्टर येणार. आदल्या साली दिल्लीहून विजेचे नवे नियम निघाले होते, आणि जिथं जिथं जुनी कामं होती तिथं तिथं ती नव्या नियमांना उतरतात का ते बघणं चाललं होतं. मानसिंगरावांनी गिरणी झाडून घेतली. शेडमध्ये हुकूम सुटला, साहेब जाईपर्यंत शेंगांवर पाणी मारायचं नाही. फरशी पुसून कोरडी केली. फळ्या आणि गोणपाटं उचलून मागच्या अंगणात टाकली. घाण दिसायला नको, एवढाच मानसिंगरावांचा हेतू होता. त्यांना मुंग्यांचं काहीच माहीत नव्हतं.

सोनबानं त्या दिवशी धुतलेला कोट घातला. छबूबाईनं त्याची टोपी स्वतः झटकून दिली. "आज सरकार बघनार," तो म्हणाला, आणि तिला तो लग्नातल्यासारखा दिसला.

इन्स्पेक्टर सकाळच्या गाडीनं आले. दत्तोपंत परचुरे त्यांचं नाव. बारीक अंगाचे, चष्मेवाले, आवाज मऊ. हातात एक चामडी पट्ट्याची पेटी होती. तिला बाजूला दांडा, वर काचेखाली काटा. दांडा फिरवला की तारांची गळती काट्यावर दिसते, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. चहा नको म्हणाले. आधी काम.

त्यांनी डायनामोपासून सुरुवात केली. जिथं जिथं पट्टीचं झाकण उघडलं तिथं तिथं जरा थांबले. एका जोडावरून बोट फिरवून त्यांनी विचारलं, "हे काम कोणाचं?"

"माझं," सोनबा म्हणाला.

"सगळं?"

"सगळं, सायेब."

"मी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या बऱ्याच गिरण्या पाहिल्या," दत्तोपंत म्हणाले. "इतके स्वच्छ जोड कुठं पाहिले नाहीत."

शेडच्या दारातून छबूबाईनं हे ऐकलं. धोंडाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. छबूबाईचं ऊर असं भरून आलं की हातातल्या दाण्यांचं तिला भान राहिलं नाही.

मग दत्तोपंत शेडमध्ये आले. मोटारीच्या तारा सोडवून त्यांनी पेटी जोडली, दांडा फिरवला, काट्याकडं पाहिलं. पुन्हा फिरवला. "काठावर आहे," ते म्हणाले. "कोरड्या जागेत एवढं चालून जातं. पण या यंत्राला जमिनीत उतरणारी तार कुठं दिसत नाही."

"तवा कुनी मागितली न्हवती, सायेब," सोनबा म्हणाला. "मुंबईला आमच्या गिरणीत बी अशा लहान मोटारींना न्हवती."

"नव्हती. बरोबर आहे तुमचं."

मानसिंगराव पुढं झाले. "मग जुन्या कामाला जुनाच नियम लावा ना साहेब. बारा वर्षांत कधी ठिणगी पडली नाही. आज नियम बदलला म्हणून काल केलेलं काम वाईट कसं ठरतं?"

दत्तोपंतांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "वाईट ठरत नाही मानसिंगराव. जुन्या कामाला मी सवलत देतो, द्यावीच लागते. तुमचा बोर्ड लाकडी आहे. आज कुणी नवा बसवला तर मी लोखंडी मागेन, तुमचा राहू देईन. या पट्ट्याही राहू देईन. फक्त धोक्याला सवलत नाही. माणसाला धक्का बसत असेल तर काम कालचं की आजचं हे मी विचारत नाही." मग ते बायांकडं वळले. "या यंत्राजवळ तुम्ही रोज असता. हात लावल्यावर कधी काही जाणवतं का?"

बायांनी पदर सावरले. धोंडाबाईसारखी धोंडाबाई, तीसुद्धा फरशीकडं बघू लागली. नकोशी, गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली पोर, पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. आणि सगळ्यांच्या नजरा खालून खालून छबूबाईकडं वळल्या.

छबूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. सोनबा ताठ उभा होता. मघाच्या शाबासकीनं त्याचा चेहरा अजून उजळलेला. ती गप्प राहिली असती तर साहेबांनी शेरा लिहिला असता, आणि दुपारच्या आत बारामतीभर झालं असतं की मिस्त्रीचं काम सरकारनं पास केलं. तिलाही तेच हवं होतं. पोटातून हवं होतं.

पण तिच्या शेजारी नकोशी उभी होती आणि तिला दिवस गेले होते. साहेब गेले की फरशीवर पुन्हा पाणी येणार होतं.

"चावतं," छबूबाई म्हणाली.

"काय म्हणालात?"

"यंत्र चावतं, सायेब. आज न्हाय चावायचं. आज समदं कोरडं क्येलंय. रोज आमी शेंगांवर पानी मारतो, तवा चावतं. हितपातूर मुंग्या येत्यात." तिनं कोपराला हात लावून दाखवलं.

"तुमचं नाव?"

"छबूबाई."

"नवऱ्याचं?"

तिनं नुसतं सोनबाकडं पाहिलं. नाव घ्यायची रीत नव्हती. शेवटी धोंडाबाई म्हणाली, "त्यो काय हुबा हाय तिचा मालक. सोनबा मिस्त्री."

दत्तोपंतांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा सोनबाकडं. मग म्हणाले, "तारा जोडा. आणि रोज मारता तसं पाणी मारा."

बायांनी कळश्या आणल्या. शेंगा भिजल्या, फरशी भिजली. मोटार चालू झाली. दत्तोपंतांनी पिशवीतून एक लहान दिवा काढला, त्याच्या एका तारेचं टोक यंत्राच्या लोखंडाला लावलं आणि दुसरं ओल्या फरशीवर टेकवलं. आधी काही दिसलं नाही. मग काचेच्या आतली तार राखेखालच्या निखाऱ्यासारखी तांबूस झाली, आणि तशीच तांबूस राहिली.

सोनबा वाकून त्या दिव्याकडं बघत राहिला. बारा वर्षं त्यानं दिवे लावले होते; हा पहिलाच असा, जो लागायला नको होता.

शेड बंद झाली. मोटारीची तार बदला, यंत्राला जमीन जोडून द्या, मग मी परत येऊन बघतो, तोवर हे यंत्र चालवायचं नाही, असं सांगून दत्तोपंत दुपारच्या गाडीनं गेले. मानसिंगराव सगळ्यांदेखत बोलले, "पुण्याहून कंत्राटदार आणावा लागणार आता." सोनबानं टोपी काढून हातात घेतली आणि घराकडं चालू लागला. छबूबाई मागून गेली, चार पावलांचं अंतर ठेवून.

घरी तो ओट्यावर बसला. तिनं भाकरी थापली, कोरड्यास केलं, ताट पुढं ठेवलं. त्यानं ताटाला हात लावला नाही.

"चारचौघांत बोललीस," तो म्हणाला.

"व्हय."

"आदी मला सांगायचं हुतं."

"सांगितलं हुतं," छबूबाई म्हणाली. "तुमी म्हनला, मुंबईला बी येत्यात."

सोनबा टोपीची घडी बोटांनी सरळ करू लागला. बाहेरून शेंगांच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"म्हनलो हुतो खरं," तो म्हणाला.

"नकोशीला दिवस गेल्यात," छबूबाई म्हणाली. "आन् अजून येक सांगते. तुमचं काम वाईट असतं तर मी गप ऱ्हायली असती, लाजंनं. चांगलं हाय म्हून बोलले. सायबानं सोताच्या तोंडानं सांगितलं, आसं काम कुठं बघितलं न्हाय. चांगल्या कामातलं वंगाळ काडायचं सोडून त्ये झाकून ठिवायचं व्हय?"

त्यानं तिच्याकडं मान वर करून पाहिलं. रागानं नव्हे. ती आपल्या घरात इतकी वर्षं वावरते आहे आणि आपण तिच्याकडं आज नीट बघतो आहोत, असं काहीसं त्या बघण्यात होतं. मग त्यानं ताट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो गिरणीत गेला आणि शेडमधल्या सगळ्या पट्ट्या त्यानं उघडल्या. छबूबाई शिडी धरून उभी होती. आत तारांवरचं रबर वरून धड दिसत होतं; बोटांनी दाबलं की वाळल्या शेवयांसारखा चुरा होत होता. रोजच्या ओलीनं आणि वाफेनं ते खाल्लं होतं. सोनबानं तो चुरा तळहातावर घेतला आणि तसाच मानसिंगरावांपुढं नेऊन धरला.

"मालक, पुन्याचा मानूस नको. हितली तार मी घातली, मीच काडीन. आन् सायबानं सांगितली येक मोटार, मी समदी गिरणी बगनार."

मानसिंगराव त्या चुऱ्याकडं बघत राहिले. "साहेबांनी पट्ट्या राहू देईन म्हटलं होतं ना?"

"सायेब देतील. मी न्हाय देनार."

मानसिंगराव मनानं उमदे होते. त्यांनी त्याच दिवशी पुण्याला नव्या तारेसाठी माणूस पाठवला.

मग गिरणीत जे काम निघालं ते बारामतीनं बरेच दिवस जाऊन जाऊन पाहिलं. विहिरीजवळ, जिथली जमीन उन्हाळ्यातही ओली असते, तिथं सोनबानं पुरुषभर खड्डा खणायला घेतला. तांब्याचा जाड पत्रा त्यात उभा पुरायचा, त्याला तांब्याची तार जोडायची, आणि भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, म्हणजे जमीन ओल धरून राहते आणि चुकार वीज माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी सरळ खाली उतरते. हे त्यानं बायांना समजावून सांगितलं, कारण बाया आपण होऊन आल्या होत्या. शेड बंद, हाताला काम नाही, आणि कोळसा फोडायचा तर ते त्यांना पुरुषांपेक्षा बरं जमत होतं. धोंडाबाई खडे मीठ पाटीनं ओतता ओतता म्हणाली, "जमिनीला लोनचं घालताय का काय मिस्त्री?"

"घालतोय," सोनबा म्हणाला. "मुरू द्या चांगलं."

तेव्हा बाया हसल्या आणि त्यांच्यात सोनबाही हसला. छबूबाईनं ते ऐकलं आणि खाली वाकून उगाचच कोळसा फोडत राहिली.

नकोशीला त्यांनी सावलीत बसवून ठेवलं होतं. ती सारखी उठून यायची आणि धोंडाबाई तिला सारखी परत धाडायची.

दत्तोपंत परत आले तेव्हा मानसिंगरावांनी फरशी पुसायला सांगितलं नाही. उलट बायांनी साहेबांच्या देखत कळश्या रिकाम्या केल्या. त्यांच्या बुटांतसुद्धा पाणी गेलं. दत्तोपंतांनी पेटीचा दांडा फिरवला. काटा सरसर गेला आणि गळती अजिबात नाही असं सांगणाऱ्या पलीकडच्या टोकाला जाऊन राहिला. त्यांनी लहान दिवा काढला, एक टोक लोखंडाला लावलं, एक ओल्या फरशीवर. सगळे वाकले. दिवा काळाच राहिला. त्यांनी लोखंड घासून पुन्हा लावलं. काळाच.

"आता तुम्ही हात लावून बघा," ते छबूबाईला म्हणाले.

तिनं हात कळशीत बुडवला, ओला काढला, आणि अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभी राहून चालत्या यंत्रावर तळवा ठेवला. लोखंड नुसतं थरथरत होतं, चक्कीचं जातं थरथरावं तसं. बाकी काही नाही. तिनं दुसराही हात ठेवला.

"मुकं झालं," ती म्हणाली, आणि मग एकेक करून सगळ्या बाया पुढं आल्या.

दत्तोपंतांनी बाकीची गिरणी फिरून पाहिली. कुठंच काही काढायला जागा नव्हती. लाकडी बोर्डाच्या जागी लोखंडी पेटी आली होती, प्रत्येक मोटारीपासून तांब्याची तार भिंतीच्या कडेनं विहिरीकडं गेली होती, आणि तीही अशी सरळ की दोरी मारल्यासारखी. "मी एका मोटारीचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "हे सगळं कोणी सांगितलं?"

"नियम नवा झाला, सायेब," सोनबा म्हणाला. "मग मी जुना कशाला ऱ्हाऊ?" आणि मग, सगळ्यांच्या देखत, ज्या गोष्टीची कुणी अपेक्षा केली नव्हती ती त्यानं केली. त्यानं छबूबाईकडं हात केला. "आन् खरी तपासनी हिनं क्येली. तुमी नंतर आला."

दत्तोपंत हसले. "ते मला माहीत आहे," म्हणाले. "माझ्या पेटीनं तर पहिल्या दिवशी पास करायचं ठरवलं होतं."

चारचौघांत नवऱ्यानं बायकोचं असं कौतुक करावं ही पद्धत नव्हती. छबूबाईनं पदर ओढून घेतला, पण मान काही तिनं खाली घातली नाही.

गोष्ट तालुक्याच्या पलीकडं गेली. इंदापूरला मानसिंगरावांचे मेहुणे महिपतराव यांची सरकी काढायची गिरणी होती. तिथली वीज बारामतीच्या आधीची, आणि इन्स्पेक्टर अजून यायचे होते. महिपतरावांनी निरोप धाडला की मिस्त्रीनं येऊन आधीच बघून जावं. सोनबानं उलट निरोप धाडला की येतो, पण मालकीण संगं येईल.

दोघं सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला गेले. छबूबाई खिडकीशी बसली होती. मोटार कळंबच्या फाट्यावरून गेली तेव्हा ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून तिनं मान बाहेर काढली, आणि आपण कुठं आणि कशाला चाललो आहोत ते ओरडून सांगायला कुणीच दिसेना म्हणून जरा हिरमुसली.

महिपतराव फाटकाशी उभे होते. "या मिस्त्री. तसं आमच्याकडं काही वाईट नाही. जुनं आहे, पण पक्कं काम आहे."

"आसंल," सोनबा म्हणाला, आणि शिडी मागवली.

छबूबाई बाया कापूस वेचत बसल्या होत्या तिकडं गेली आणि त्यांच्यातच मांडी घालून बसली. गाव विचारलं, माहेर विचारलं, कुणाला किती पोरं ते विचारलं. थोडा कापूसही वेचला. मग म्हणाली, "मी बारामतीच्या गिरणीतली. आमचं यंत्र वल्यात चावायचं. तुमच्यातलं कुटलं चावतं का?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. सरुबाई नावाची एक पोक्त बाई कोपऱ्यातल्या पंख्याकडं हळूच बघून परत कापसात हात घालू लागली.

"बोला की," छबूबाई म्हणाली. "त्यो शिडीवाला माझा मालक हाय. त्येला म्या चारचौघांत सांगितलं, तवापासनं त्यो जास्तच मान देतोय मला."

बाया खुदखुदल्या, आणि मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. पंख्याचं, पाऊस आला की भिंतीतून येणाऱ्या जळकट वासाचं, मागल्या दाराजवळच्या खांबाचं. छबूबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि मागं वळून हाक मारली, "अवो, उतरा खाली! तारा मागनं बगा. आदी हिकडं या, ह्या काय सांगत्यात त्ये ऐका."

सोनबा शिडीच्या मध्यावर होता. तो उतरला, टोपी नीट केली, आणि बायांपुढं येऊन जमिनीवर बसला.